शिंत्र्यांच्या इंदूचं नाक

इंदू शिंत्रेनं डोळे मिटले की आम्ही श्वाससुद्धा बेतानं घ्यायचो. वास हलायला नको.

"डबा जवळ आणा, काकू," ती म्हणाली.

मंजूच्या आईनं, कुरणेकाकूंनी, झाकण दोन्ही अंगठ्यांनी दाबून धरलेला स्टीलचा डबा तिच्यापुढं केला. इंदूनं तो हातात घेतला नाही. कानाशी नेऊन खुळखुळवलाही नाही. ते तिच्या लेखी सामान्य माणसांचे चाळे. तिनं नाक झाकणापासून वीतभर अंतरावर आणलं, एकदा डावीकडून हुंगलं, एकदा उजवीकडून हुंगलं, आणि डॉक्टरनं टायफॉइड आहे म्हणून सांगावं तशा गंभीरपणे म्हणाली, "दुधीच्या वड्या. वरनं खसखस लावलीय."

कुरणेकाकूंचे अंगठे सुटले. झाकण निघालं. आत दुधीच्या वड्या होत्या आणि त्यांच्यावर खसखस होती.

"भुतीण हाय काय गं ही?" काकू म्हणाल्या. "सकाळपास्नं दारं-खिडक्या लावून केल्यात मी!"

मंजूनं टाळ्या वाजवल्या. छायानं वाजवल्या, ज्योत्स्नानं वाजवल्या. मी सर्वांत जोरात वाजवल्या, कारण मी नवीन होते.

ही गोष्ट सत्त्याऐंशी सालची, तासगावची. आम्ही नववीत होतो. हादगा खेळायचं वय तसं सरत आलेलं. पाटावर हत्ती काढायचा, त्याच्याभोवती फेर धरून सासरच्या तक्रारींची गाणी म्हणायची आणि शेवटी घरच्या बाईनं झाकून आणलेली खिरापत ओळखायची, हे सगळं चौथी-पाचवीतल्या पोरींना शोभणारं. ओळखता आली नाही तर "हरलो" म्हणायचं आणि मग डबा उघडायचा. तरी या चौघींनी हादगा सोडला नव्हता, तो इंदूच्या नाकासाठी. सहावीपासून तिची एकही खिरापत चुकली नव्हती. गावातल्या बायका पावसाळा संपत आला की या नाकाला चकवण्याच्या तयारीला लागत. हस्त नक्षत्र निघालं की हरत.

माझ्या वडिलांची पाटबंधारे खात्यात बदली झाली आणि आम्ही जूनमध्ये अकोल्याहून तासगावला आलो. पहिल्याच दिवशी मी वर्गात 'का?' म्हणायच्या ऐवजी "काहून?" म्हणाले आणि संध्याकाळपर्यंत माझं नाव काहून पडलं. मधल्या सुट्टीत मुलींचे डब्याचे गोल बसायचे. त्यांत सर्वांत मानाचा गोल लिंबाखालचा, इंदूचा. मी पाण्याच्या नळाजवळ, तिसऱ्या पायरीवर एकटी बसून डबा खायची. तिसऱ्या यासाठी, की पहिल्या दोन ओल्या असत. चार महिन्यांत मला त्या नळाचे सगळे स्वभाव पाठ झाले होते.

सप्टेंबरात इंदूच्या गोलातली पाचवी मुलगी गाव सोडून मिरजेला गेली. हादग्याला पाच दिवस, म्हणजे पाच घरं हवीत. इंदू नळापाशी आली, माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "तुझ्यात हादगा चालतो का?"

"आमच्याकडं भुलाबाई असते. पण खिरापत ओळखतात."

"मग चालतंय. चौथा दिवस तुझ्यात. हादग्यापुरती घेतलीय हां तुला. पुढचं पुढं बघू."

त्या 'पुढचं पुढं'वर माझं सगळं आयुष्य लटकलं होतं. आज हसू येतं. पण चौदाव्या वर्षी जो माणूस रोज एकटा डबा खातो त्यानं हसून दाखवावं.

घरी आईला सांगितलं, तर तिचे डोळे लकाकले. तिचीही गत माझ्यासारखीच होती. मला निदान शाळेत काहून म्हणून तरी हाक मारायचे. आईला चार महिन्यांत भाजीवालीशिवाय कुणी हाक मारली नव्हती.

"कोण वं ते नाकवाली?" तिनं विचारलं. "येऊ दे तिले. मी फुनके करतो. इथल्या कोणाच्या बापजन्मी पाह्यले नसतीन."

फुनके म्हणजे तुरीची डाळ भिजवून भरड वाटायची, लसूण-मिरची घालायची, मुठीनं वळायचं आणि वाफवायचं. वर कच्चं तेल. आमच्याकडं घरोघरी होतात. तासगावात त्याचं नाव घेतलं असतं तर लोकांना तो एखादा ताप वाटला असता.

"पण तू कोणाले सांगजो नको," आई म्हणाली. "माही शप्पथ घे."

मी घेतली. गळ्याला चिमूट लावून घेतली.

दुसऱ्या दिवशी छायाच्या घरी इंदूनं साटोऱ्या ओळखल्या. तिसऱ्या दिवशी ज्योत्स्नाच्या आईनं, मगदूमकाकूंनी, डब्याच्या बाहेरून कांद्याचा रस चोळून ठेवला होता. इंदू हुंगत राहिली, हुंगत राहिली, आणि म्हणाली, "कांदा वरचा हाय. आत खजुराचं सारण घातलेल्या करंज्या." मगदूमकाकू मटकन खाली बसल्या. मी तर त्या नाकाची भक्तच झाले. उद्या आईचे फुनके बघून हे नाक काय करील, या विचारानं मला आनंद व्हावा की भीती वाटावी ते कळेना.

परत येताना इंदूनं बाकीच्यांना पुढं जाऊ दिलं आणि माझा हात धरला. तिनं हात धरणं म्हणजे काय, ते त्या वर्गात असल्याशिवाय कळायचं नाही.

"नीलिमा," ती म्हणाली. काहून नाही, नीलिमा. "तुला एक विचारू? कुणाला बोलायचं न्हाई."

"विचार ना."

"उद्या तुझी आई काय करणार हाय?"

मी बघतच राहिले. "पण तू तर ओळखतेसच!"

"ओळखतेच की. इथलं कायबी ओळखते. पण तुमचं खाणं माझ्या नाकाला नवीन. उगं ताण पडतो त्याच्यावर. आणि एकदा का ताण पडला की..." तिनं नाकाला हात लावला. "डॉक्टर म्हणालेत जपा."

"बाकीच्या सांगतात?"

"छ्या! त्यांचं मला कळतंच. तुला म्हणून विचारतीय." मग तिनं हात जरा दाबला. "परवापासनं डबा घेऊन लिंबाखाली येत जा. माझ्याशेजारी."

आईची शपथ माझ्या गळ्याशी आली, तिथं क्षणभर थांबली आणि लिंबाच्या सावलीकडं बघून परत गेली.

"फुनके," मी म्हणाले.

"काय?"

"फुनके. तुरीच्या डाळीचे. वाफवलेले. लसूण असतो."

"फुनके, फुनके, फुनके," इंदू तोंडातल्या तोंडात घोकत घरी गेली. एवढं साधं आमच्या दोघींच्याही डोक्यात आलं नाही, की ज्या पदार्थाचं नावही कधी कानावर पडलं नाही, ते नाकाला कसं कळणार?

चौथ्या दिवशी शाळा सुटल्यावर पाचही जणी थेट आमच्या घरी आलो. पाटावर हत्ती मी सकाळीच काढून ठेवला होता. तो डुकरासारखा दिसतो असं मंजूचं मत पडलं, आणि सोंड आहे म्हणून हत्ती मानायला हरकत नाही असं ज्योत्स्नाचं. फेर झाला. आईनं भुलाबाईची दोन गाणी म्हटली. ती पोरींना इतकी आवडली, की छायानं एक पुन्हा म्हणायला लावलं. सगळं कसं छान चाललं होतं. आई मात्र माझ्या नजरेला नजर देत नव्हती. मला वाटलं, तिला कळलं.

ती आत जाऊन डबा घेऊन आली. चालताना डब्यात काहीतरी खसखसलं. फुनके खसखसत नाहीत. पण शपथ मोडलेल्या माणसाचं लक्ष ठिकाणावर नसतं.

"वळखा," आई म्हणाली. आवाज जरा पडेल होता.

"खोबऱ्याचा वास येतोय गं," छाया म्हणाली.

"गप," इंदू म्हणाली.

"अगं खरंच, खोबरं..."

"छाये, नाक तुझं हाय का माझं?"

इंदूनं डोळे मिटले. डावीकडून हुंगलं. उजवीकडून हुंगलं. आज तिनं जरा जास्तच वेळ घेतला, नव्या प्रांतातला पदार्थ म्हणून. मग एक एक अक्षर सुटं करून म्हणाली, "फु-न-के."

"काय के?" मंजू म्हणाली.

"फुनके. तुरीच्या डाळीचे असतात. वाफवतात. लसूण असतो."

आईनं डबा मांडीवर ठेवला आणि इंदूकडं बघत राहिली.

"माय माय! तुले फुनके कसे काय ठाऊक वं बाई?"

"वासावरनं, काकू."

आईनं झाकण उघडलं. आत खोबरं-साखर होती. किसलेलं सुकं खोबरं आणि पिठीसाखर. जगातली सर्वांत पहिली, सर्वांत सोपी खिरापत. पाळण्यातलं पोर ओळखील अशी.

बाहेर कुणाची तरी सायकल खडखडत गेली.

"वासावरनं?" ज्योत्स्नानं चष्मा वर सरकवत विचारलं. ती गणितात पहिली यायची. "खोबरं-साखरेला लसणाचा वास आला?"

इंदूचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल झाला. आणि मग तिच्या हातून ती चूक झाली. झाकली मूठ सव्वा लाखाची हे ज्या पोरीला चार वर्षं पाठ होतं, तिनंच मूठ उघडली. माझ्याकडं बोट करून ओरडली, "तूच तर सांगितलंस फुनके म्हणून!"

आईनं माझ्याकडं बघितलं. मी जमिनीकडं बघितलं.

"म्हणजे?" मंजू हळूच म्हणाली. "हिनं तुला आधीच सांगितलं होतं?"

"हिनं एकटीनंच," इंदू घाईनं म्हणाली. "म्हणजे... बाकीच्यांचं मला..."

"मला तर तू म्हणालीस, मंजे, तुला एकटीलाच विचारतीय! दुधीचा वास उग्र असतो, नाकावर ताण पडतो म्हणालीस!"

छायाचे डोळे भरून आले. ती लगेच रडायची. "मला वाटलं मी एकटीच सांगते. चार वर्षं झाली. आईला फसवते म्हणून मी शुक्रवार धरलेत!"

"तुला पण?" ज्योत्स्ना म्हणाली.

"म्हणजे तुला पण?" मंजू म्हणाली.

ज्योत्स्नानं चष्मा काढून पुसला. "कांद्याचा रस चोळायची कल्पनाही मीच सांगितली होती हिला," ती म्हणाली. "आईचं बघून मला कालपासून वाईट वाटतंय."

तिघींनी एकमेकींकडं बघितलं, मग मिळून इंदूकडं. चार वर्षं घरोघरच्या आया दारं-खिडक्या लावून बसल्या होत्या आणि घरभेदी आत, पाटाशी बसून होता. प्रत्येकीला वाटायचं की बाकीच्यांचं इंदूला खरंच वासावरनं कळतं. लबाडी काय ती आपल्यापुरती. त्यामुळं नाकावरची श्रद्धा कुणाचीच ढळली नव्हती.

इंदू उठली. ती दाराबाहेर पळाली ती एका पायात स्वतःची आणि दुसऱ्या पायात छायाची चप्पल घालून.

"माझी नवी चप्पल!" छाया ओरडली, आणि आता तिला मोकळेपणी रडायला कारण मिळालं.

सगळ्या गेल्यावर मी आईपुढं जाऊन उभी राहिले. मार पडेल असं वाटलं होतं. ती खोबरं-साखरेचा डबा घेऊन तशीच बसली होती.

"चुकलं माझं," मी म्हणाले. "पण तू खोबरं-साखर काहून केली?"

"गॅस संपला," ती म्हणाली. "फुनके अर्धे कच्चे राह्यले. स्टो मांगाले जाव तं कोणाकडे जाव? चार महिने झाले इथं येऊन. एक दरवाजा नाही मले ठोकाले." तिनं पदरानं डोळे टिपले. मग एकदम हसायला लागली. "अन् ते पोट्टी, काय ऐटीत बोल्ली वं! वासावरनं काकू! अर्धे कच्चे फुनके मोरीत, अन् हिच्या नाकाले पोचले!"

आम्ही दोघी पोट धरून हसलो. हसून झाल्यावर मला रडू आलं. मला आता लिंबाखालची जागा मिळणार नव्हती, आणि तिच्यासाठी मी आईला विकली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता दार वाजलं. दारात इंदू. डोळे सुजलेले. आईनं तिला आत घेतलं, आणि दोघी स्वयंपाकघरात पंधरा मिनिटं कुजबुजल्या. मी वेणी घालत कान देऊन बसले होते, पण कुकरची शिट्टी नव्हती तरी काही ऐकू आलं नाही. मग इंदू बाहेर आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि रिबिनीकडं बघत म्हणाली, "आज आमच्यात फुनके हायत."

"काय?"

"फुनके. तुझी आई येणार हाय शिकवायला. आमच्यात गॅस हाय." मग म्हणाली, "तुला एकटीलाच सांगतीय. तू वळख. सगळ्यांच्या आधी. मग तुझं नाव हुईल."

"काहून?"

या वेळी ती हसली नाही. "मला दुसरं काय देता येत न्हाई म्हणून," म्हणाली आणि निघून गेली.

मधल्या सुट्टीत चमत्कार झाला. मंजूनं लिंबाखालून हाक मारली, "नीलिमा, ये की, बस." मी गेले. मला जी जागा हवी होती ती मिळाली. पण तिथून नळ समोर दिसतो हे मला माहीत नव्हतं. इंदू नळाच्या पहिल्या पायरीवर एकटी बसून डबा खात होती. पहिल्या! मला राहवेना. मी उठून गेले.

"ती ओली असते," मी म्हणाले. "तिसरीवर बस."

"आता भिजलाच की स्कर्ट," ती म्हणाली. पण उठून तिसरीवर बसली.

मी परत आले तेव्हा सभा चालली होती.

"आज हिच्या घरी कुणी जायचं न्हाई," मंजू म्हणाली. "ठरलं."

"ठरलं," ज्योत्स्ना म्हणाली. "अर्थात, हादगा अर्धा सोडू नये असं म्हणतात."

"माझी चप्पल तिच्याकडं हाय," छाया म्हणाली आणि पाय स्कर्टखाली ओढून घेतले. "आणायला तर जायलाच लागंल."

"मग मी सोबत येते तुझ्या," मंजू म्हणाली. "आत येणार न्हाई. दारातच थांबणार."

सकाळपासून माझ्या तोंडात तो शब्द होता, लहान मुलाच्या तोंडात आवळा असतो तसा. एकदा उच्चारला असता तर अख्ख्या तासगावात माझं नाव झालं असतं: जे इंदूच्या नाकालाही जमलं नाही ते अकोल्याच्या पोरीला जमलं. पण मला तो शब्द नको होता. काल मी सांगून घोटाळा केला होता, आज गप्प राहून तो निस्तरणार होते. इंदूची खिरापत आज एकदा तरी, खरीखुरी, कुणाला ओळखता येऊ नये, एवढंच मला वाटत होतं.

संध्याकाळी दारातच थांबणाऱ्या तिघी सर्वांत आधी आत जाऊन बसल्या होत्या. फेर झाला. गाणी जरा हळू आवाजात, पण झाली. सगळ्या घरभर लसणाचा वास सुटला होता. स्वयंपाकघराच्या दारात माझी आई शिंत्रेकाकूंच्या खांद्याला खांदा लावून, कपाळावर घाम घेऊन उभी होती. कालपासून पाचही जणींच्या डोक्यात जो एकच शब्द घुमत होता तो आंधळ्यालाही सुचला असता. इंदूनं डबा आणला, मांडीवर ठेवला आणि माझ्याकडं बघितलं.

"वळखा," ती म्हणाली.

मी खोल श्वास घेतला. "शंकरपाळे," मी म्हणाले.

इंदूनं डोळे मोठे केले.

"साबुदाण्याची खीर," मंजू म्हणाली. डब्यात खीर! मला तिच्या बुद्धीची कीव आली.

"बेदाणे," ज्योत्स्ना म्हणाली. गणितात पहिली येणारी मुलगी! तासगावात, बेदाण्यांच्याच गावात, ते कुणी खिरापत म्हणून ठेवतं का?

"बुंदीचे लाडू," छायानं हुंगत हुंगत सांगितलं. तिच्या नाकाशी लसणाचा लोट येत होता.

"चिक्की," मी म्हणाले.

"श्रीखंड."

"लोणचं?"

"पापड. कच्चे."

इंदू एकीकडून दुसरीकडं बघत होती. माझ्याकडं बघताना तिनं तोंडानं 'फु' केलं. मी छताकडं बघितलं. तिनं मंजूकडं बघून 'फु' केलं. मंजूनं छताकडं बघितलं. छत बघण्यासारखं काही नव्हतं. मला वाटत होतं, मीच काय ती खानदानी. या तिघी आपल्या नशिबानं मठ्ठ आहेत, म्हणून आपलं काम सोपं झालं. असं अर्धा तास चाललं. चिवडा झाला, चकल्या झाल्या, छायानं एकदा पुरणपोळी आणि थोड्या वेळानं पुन्हा पुरणपोळी म्हटलं.

शेवटी आम्ही चौघी एका सुरात म्हणालो, "हरलो!"

इतक्या आनंदानं कुणी कधी हरलं नसेल. इंदूच्या ओठाच्या कोपऱ्याशी काहीतरी थरथरत होतं.

"अगं, हरलो काय?" शिंत्रेकाकू दारातून पुढं आल्या. त्यांना हे सहन होईना. "सकाळी सहापास्नं चपला झिजवून घरोघर सांगून आलीय की ही! आधी छायाच्यात चपला बदलायला, मग मंजूच्यात, मग मगदुमांच्यात, शेवटी ह्यांच्यात. एकीच्याबी ध्यानात ऱ्हायलं न्हाई?"

माझी नजर उंबऱ्याकडं गेली. छायाच्या दोन्ही चपला तिथं होत्या. दोन्ही तिच्याच, दोन्ही नव्या.

"तुला पण?" ज्योत्स्नानं मला विचारलं.

"म्हणजे तुला पण?" मी म्हणाले.

"आणि मला वाटलं, मी एकटीच गप बसलीय," मंजू म्हणाली. "तुमच्या अकलेला हसत होते मी मघापास्नं."

आधी छाया हसली. तिचं हसणंही रडण्यासारखंच, सुरू झालं की थांबत नसे. मग आम्ही सगळ्याच हत्तीच्या पाटावर कोसळलो. हत्तीची सोंड पुसली गेली. इंदू मात्र हसता हसता रडत होती, आणि आमच्या कुणाच्याही ते ध्यानात येऊ नये म्हणून नाक पुसत होती.

"काय वं," आई तिला म्हणाली, "आता त्या नाकाचं काय?"

"त्याला सर्दी झालीय, काकू," इंदू म्हणाली.

शिंत्रेकाकूंनी ताटल्या मांडल्या आणि माझ्या आईला हात धरून खाली बसवलं. "वानखडेबाई, गॅस येईपर्यंत तुमचा सैपाक हितंच," त्या म्हणाल्या. "आणि परत स्टो मागायला लाजलात तर मीच येऊन भांडीन."

इंदूनं डबा उघडला. सगळ्यांना दोन दोन फुनके वाढले, वर तेलाची धार धरली आणि आमच्या तोंडांकडं बघत बसली. डाळ तिनं वाटली होती, मुठी तिनं वळल्या होत्या, मीठ घालायचं काम आईनं तिच्याकडंच दिलं होतं.

"कसे झालेत?"

मी एक घास घेतला. मंजूकडं बघितलं. मंजूनं ज्योत्स्नाकडं बघितलं. छायानं गपकन गिळलं. आईनं एक घास खाल्ला, क्षणभर थांबली, आणि आणखी एक मागून घेतला.

"फस्कलास," आई म्हणाली.

"लय भारी," आम्ही म्हणालो आणि डबा रिकामा केला.

फुनक्यांत मीठ नव्हतं. ते मात्र कुणीच कुणाला सांगितलं नाही.